मागे उभा राहणारा गडी : ब्राझीलचा लुसियो

गोव्यात फुटबॉलचा खेळ एका धर्मगुरूंनी आणला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. सन १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स शिवोलीस आले आणि त्यांच्या शाळकरी मुलांच्या हाती पुस्तकांबरोबर, किंबहुना मुलांच्या पायांशी म्हणावे, चेंडूही आला. तेथून हा खेळ बार्देशात व साष्टीत रुजला, आणि हळूहळू नव्या काबिजादीच्या तालुक्यांतही पोचला. आज डिचोलीच्या टोकाला, पलीकडे लगेच दोडामार्ग लागतो अशा आमच्या लाटंबार्से गावीही भाताची कापणी आटोपली की मोकळ्या शेतात चार काठ्या रोवल्या जातात. रविवारच्या मिस्सेहून परतलेला मुलगा आणि शेजारच्या देवळात सकाळी आरतीला उभा राहिलेला मुलगा एकाच बाजूने खेळतात, आणि अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत कोणी घरी जाण्याचे नाव काढीत नाही.

या खेळात आम्हांस एक गोष्ट नेहमी दिसते. गडी वाटून घेताना प्रत्येकाला पुढे खेळावयाचे असते. गोल करणाऱ्याचे नाव होते, त्यालाच खांद्यावर उचलतात. मागे राहून गोल वाचविण्याचे काम मात्र ज्याचे पाय मंद, जो वयाने लहान, किंवा ज्याला 'नाही' म्हणण्याचे धैर्य नाही, अशा एखाद्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणून जन्मभर मागेच उभा राहिलेल्या आणि युरोपातील थोर संघांनी ज्याला मानाने बोलावून घेतले अशा एका ब्राझिलियन गड्याची हकीकत सांगावी असे मनात आले. तो दोन हंगाम आपल्या गोव्यातही खेळून गेला आहे.

त्याचे पाळण्यातले नाव लुसिमार दा सिल्व्हा फेरेरा. जग त्याला लुसियो म्हणून ओळखते. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्यांना या नावातला 'प्रकाश' चटकन दिसेल. जन्म ८ मे १९७८, ब्राझीलच्या राजधानी प्रदेशातील प्लानाल्टिना येथे. रिओच्या समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी चेंडू खेळणारी मुले आपण चित्रांत पाहतो. हा प्रदेश तसा नव्हे. तो सागरापासून शेकडो मैल आत, उंच पठारावरचा आहे.

त्याच्या भाग्योदयाची कथा चमत्कारिक आहे. १९९७ साली ग्वारा नावाच्या एका लहानशा स्थानिक संघातर्फे तो ब्राझील चषकाच्या सामन्यात उतरला. समोर होता पोर्तो अलेग्रे शहरातील मातब्बर इंटरनॅसियोनाल संघ. ग्वाराने तो सामना सात-शून्य असा गमावला. सात गोल खाल्लेल्या संघाच्या बचाव फळीतील पोराकडे एरव्ही कोण पाहील? परंतु विजयी संघाच्या जाणत्या मंडळींनी पडझडीतही न डगमगलेला एक उंच, दांडगा मुलगा हेरला आणि त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. पारखी नजर असावी ती अशी.

तेथे तीन वर्षे काढल्यावर, २००१ च्या आरंभी तो जर्मनीस बायर लेव्हरकुसेन संघात गेला. ब्राझीलचे गडी युरोपात का जातात, हे आमच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. आपल्या गावांतील माणसे आखातात गेली, बोटीवर गेली, अलीकडे पोर्तुगीज पारपत्र काढून इंग्लंडला गेली, कारण तेच. तेथे मोबदला अधिक, आणि खेळाडूस म्हणाल तर कीर्तीचा बाजारही तेथेच. पण परमुलखात पहिली थंडी कशी जाते, भाषा न कळता एकटे कसे राहावे लागते, हे ज्या घरांतील माणूस बाहेर गेला आहे त्यांनाच ठाऊक. बावीस वर्षांच्या लुसियोलाही यातून जावे लागलेच असणार.

२००२ हे वर्ष त्याच्या आयुष्यात मोठ्या विलक्षण रीतीने उजाडले. त्या हंगामात लेव्हरकुसेन संघ तीन स्पर्धांत अगदी तोंडाशी आलेला घास गमावून बसला. जर्मन साखळी स्पर्धेत एका गुणाने दुसरा क्रमांक; जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात हार; आणि १५ मे रोजी ग्लासगो येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदकडून दोन-एक असा पराभव. त्या सामन्यात लेव्हरकुसेनचा एकमेव गोल केला तो आघाडीच्या गड्याने नव्हे, तर पुढे धावून येऊन डोक्याने चेंडू आत धाडणाऱ्या लुसियोने. परंतु त्यानंतर झिनेदिन झिदानने हवेतून आलेल्या चेंडूवर जो गोल केला, तोच लोकांच्या स्मरणात राहिला.

तीन वेळा रिकाम्या हाताने परतलेला हा गडी महिन्याभरात ब्राझीलतर्फे विश्वचषकासाठी जपानात होता. २१ जून रोजी शिझुओका येथे इंग्लंडशी गाठ पडली. तेविसाव्या मिनिटाला साधा, सोपा चेंडू लुसियोकडे आला. तो त्याला आवरता आला नाही. पायाला लागून निसटला तो थेट मायकेल ओवेनच्या पुढ्यात. ओवेनने चूक केली नाही. इंग्लंड एक-शून्य पुढे, आणि साऱ्या जगाने पाहिले की दोष कोणाचा.

आमच्या मते लुसियोची खरी परीक्षा त्या क्षणी होती. पुढे मिळालेल्या पदकांची झळाळी त्यामानाने सोपी. पुढच्या फळीतील गड्याने दहा संधी दवडल्या आणि अकराव्या वेळी गोल केला तर तो वीर ठरतो. मागच्या गड्याने दहा गोल वाचवले आणि अकरावा सुटला तर तो अपराधी. हा न्याय कठोर आहे खरा, पण घराघरांत आईच्या वाट्यालाही तोच येत नाही काय? रोजचे जेवण कोणाच्या ध्यानात राहत नाही. मीठ विसरले त्या दिवशीच बोलणी बसतात. असो. त्या दिवशी लुसियोपुढे अजून साठावर मिनिटांचा खेळ उरला होता. तो लपला नाही, चेंडू मागावयास कचरला नाही. मध्यंतरापूर्वी रिव्हाल्डोने बरोबरी साधली, मध्यंतरानंतर रोनाल्डिन्योने दुसरा गोल केला, आणि त्यापुढे इंग्लंडचा एकही चेंडू जाळ्यात गेला नाही. ३० जून रोजी योकोहामा येथे अंतिम सामन्यात ब्राझीलने जर्मनीस दोन-शून्य हरविले. गंमत अशी की जर्मनीच्या संघात श्नायडर, रामेलोव आणि नॉयव्हिल हे लुसियोचे लेव्हरकुसेनमधले तीन सोबती होते.

२००४ मध्ये तो म्युनिकच्या बायर्न संघात गेला. तेथील पाच वर्षांत त्या संघाने २००५, २००६ व २००८ अशी तीन वेळा साखळी स्पर्धा आणि चषक ही दोन्ही एकाच हंगामात जिंकली. त्याच्या खेळात उणीव नव्हती असे मात्र नव्हे. चेंडू पायात आला की कधी कधी तो स्वतःच मैदान कापीत लांबलांब ढांगांनी पुढे सुटे. प्रेक्षक हरखून जात, पण मागे पडलेले खिंडार पाहून प्रशिक्षकांच्या काळजाचे पाणी होत असेल.

याच काळात २००६ च्या जर्मनीतील विश्वचषकात त्याने एक पराक्रम केला. फलकावर तो कधी लागला नाही, पण आम्हांस तो साऱ्यांहून मोठा वाटतो. सलग ३८६ मिनिटे त्याच्या हातून एकही फाऊल झाले नाही. म्हणजे पूर्ण चार सामने, आणि फ्रान्सविरुद्धच्या पाचव्यातील पहिला काही वेळ. हे किती दुर्घट आहे, हे खेळ न जाणणाऱ्या आमच्या वाचक भगिनींसाठी थोडे उलगडून सांगतो. बचाव करणाऱ्याचे काम समोरून वाऱ्यासारखा येणाऱ्या गड्यास अडविण्याचे. तो हुलकावणी देऊन निघाला की सदरा ओढावा, पायात पाय घालावा, खांद्याने ढकलावे, हा मोह क्षणोक्षणी होतो. पुष्कळ नामांकित गडी हे करतात आणि पंचाची नजर चुकली तर त्याला चातुर्य म्हणतात. फाऊल न करता अडवावयाचे तर चेंडू कोठे पडणार हे दोन पावले आधी ओळखून तेथे जाऊन उभे राहावे लागते. ज्याला उशीर होतो त्याच्यावरच सदरा ओढण्याची पाळी येते. जगातील निवडक आघाडीवाल्यांसमोर लुसियोने ३८६ मिनिटे उशीर होऊ दिला नाही. ब्राझील त्या सामन्यात एका गोलाने हरला व घरी परतला, म्हणून या गोष्टीचा गाजावाजा व्हावा तेवढा झाला नाही.

पुढे तो राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. २८ जून २००९ रोजी जोहान्सबर्ग येथे कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझील अमेरिकेविरुद्ध मध्यंतरास दोन-शून्य मागे होता. लुईस फाबियानोने दोन गोल करून बरोबरी आणली आणि अखेरच्या काही मिनिटांत कर्णधार लुसियोने डोक्याने चेंडू मारून तिसरा, विजयाचा गोल केला. त्यानंतर साऱ्या संघाने मैदानावर गोल करून गुडघे टेकले व प्रार्थना केली. जागतिक संघटनेला हे फारसे रुचले नाही. मैदानावर धर्मभावनेचे प्रदर्शन नको, अशी समज ब्राझीलला देण्यात आली. लुसियो आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचा नव्हे, इव्हँजेलिकल पंथाचा आहे. तथापि ज्या प्रभूपुढे त्याने गुडघे टेकले तो आपलाही प्रभू होय, आणि विजयाच्या धुंदीत उपकारस्मरण करणारी माणसे कोणत्याही पंथात विरळाच. नियमाच्या बाजूनेही बोलता येईल, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या वर्तुळाने कोणाचे काय बिघडले, हे आम्हांस अद्यापि कळलेले नाही.

त्याच उन्हाळ्यात बायर्नला नवे प्रशिक्षक लुई व्हान खाल आले आणि लुसियोला म्युनिक सोडावे लागले. तो एकतीस वर्षांचा झाला होता. मिलानच्या इंटर संघाने त्याला घेतले. त्या हंगामात इंटरने इटलीची साखळी स्पर्धा जिंकली, इटलीचा चषक जिंकला, आणि २२ मे २०१० रोजी माद्रिद येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात प्रवेश केला. प्रतिस्पर्धी कोण, तर व्हान खाल यांचा बायर्न! इंटरने दोन-शून्य असा विजय मिळवला. दोन्ही गोल मिलितोचे. पण बायर्नला नव्वद मिनिटांत एकही गोल करता आला नाही, यात नाकारून पाठविलेल्या त्या गड्याचा वाटा होता.

त्यानंतरची वर्षे उताराची. २०१२ मध्ये तुरीनच्या युव्हेंटसमध्ये जेमतेम काही महिने, मग मायदेशी साव पावलो व पाल्मेरास. आणि २०१५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो गोव्यात आला.

त्याला आणण्यामागे झिको यांचे नाव होते. ब्राझीलचे हे थोर खेळाडू १९८३ ते १९८५ इटलीत उदिनेझे संघात खेळले होते आणि २०१४ पासून एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक होते. पोर्तुगीज ही या दोघांची मायबोली. आपल्याकडील जुन्या पिढीच्या लोकांना त्यांच्याशी दुभाष्याविना बोलता येई. उलट दिशेनेही एक वाट त्याच वर्षी उघडली होती. साष्टीचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्से संघात जाऊन खेळला.

कर्णधार लुसियोच्या त्या गोवा संघाने १७ नोव्हेंबर २०१५ रोजी मुंबईला सात-शून्य हरविले. ग्वाराचा तो जुना सामना लुसियोला तेव्हा आठवला असेल काय, असे आमच्या मनात येऊन गेले. साखळीत गोवा पहिला आला आणि २० डिसेंबर रोजी, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, फातोर्ड्याच्या मैदानावर चेन्नईशी अंतिम सामना झाला. चेन्नईने पहिला गोल केला, हावकीपने चारच मिनिटांत तो फेडला, आणि ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्यास पुढे नेले. गोठ्याची तयारी अर्धवट टाकून दूरदर्शनसमोर बसलेल्या घरांतून आरोळ्या उठल्या. पण नव्वदाव्या मिनिटाला चेंडू आपल्याच गोलरक्षकाकडून आत गेला, आणि भरपाईच्या वेळात मेंदोसाने तिसरा गोल चढविला. दोन-तीन असा पराभव. सामन्यानंतर जे अशोभनीय प्रकार घडले त्यांची येथे उजळणी नको.

लुसियो दुसऱ्या वर्षीही आला. २०१६ चा तो हंगाम फार वाईट गेला. आठ संघांत गोवा आठवा राहिला आणि झिको यांनीही निरोप घेतला.

आमच्याकडे पालक येतात. मुलगा चेंडूपायी अभ्यास सोडील, की त्याला एखाद्या अकादमीत घालावे, असे विचारतात. सरधोपट उत्तर आमच्यापाशी नाही. एवढेच सांगतो की मुलाचा सामना एकदा पाहावयास जा, आणि तो गोल करतो की नाही हे पाहू नका. चेंडू त्याच्याजवळ नसताना तो काय करतो ते पाहा, आणि संघ चार गोलांनी मागे असताना धावतो की कमरेवर हात ठेवतो तेही पाहा. पुष्कळ आईबापांनी आपल्या मुलाला खेळताना एकदाही पाहिलेले नसते.

गोव्याहून परतल्यावर लुसियो आपल्या राजधानी प्रदेशातील लहान संघांतून खेळत राहिला. ब्राझीलकडून १०५ सामने, तीन विश्वचषक, जर्मनी व इटलीतील अजिंक्यपदे, हे सारे गाठीशी असताना तो तेथील स्थानिक मैदानांवर उतरे. २०२० साली त्याने खेळणे थांबविले. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता.