पोर्श ९४४ : भाव उतरला, मजुरी नाही

पोर्श ९४४ ही मला मनापासून आवडणारी गाडी आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल आधी खर्चाचं बोलायला हवं. १९८२ ते १९९१ या काळात १ लाख ६० हजारांहून अधिक ९४४ बनल्या. अमेरिकेत ती नवी आली तेव्हा किंमत १८ हजार डॉलरच्या वर होती. पुढे भाव इतका घसरला की बरीच वर्षं ती एखाद्या साध्या जुन्या गाडीच्या पैशांत मिळत असे. गाडी स्वस्त झाली, पण तिच्या इंजिनात हात घालण्याची मजुरी काही स्वस्त झाली नाही. ही तफावत ध्यानात न घेता घेतलेल्या कितीतरी गाड्या अर्धवट खोललेल्या अवस्थेत गॅरेजच्या मागच्या अंगाला पडून राहिल्या.

हा खर्च येतो कुठून, हे तिच्या घडणीतच आहे. आधीची ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली, तिचं इंजिनही ऑडीच्या घराण्यातलं. पोर्शच्या चाहत्यांनी तिला पुरतं आपलं मानलं नाही. ९४४ ची बांधणी ऑडीच्या नेकार्सुल्मच्या कारखान्यातच झाली, पण इंजिन मात्र पोर्शने स्वतः घडवलं. ९२८ या मोठ्या गाडीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची एक बाजू डोळ्यांसमोर ठेवून केलेलं, चार सिलिंडरांचं, अडीच लिटरचं. चार सिलिंडरांत एवढी क्षमता कोंबली की इंजिन थरथरतं. ती थरथर मारायला दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. ते इंजिनाच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. या तंत्राचं पेटंट मित्सुबिशीकडे होतं, पोर्शने शुल्क भरून ते घेतलं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि दोन्हींना जोडणारी लांब पोलादी नळी, जिच्या आत शाफ्ट फिरतो. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास सारखं पडतं. वळणावर ही गाडी रस्त्याला धरून राहते ती त्यामुळे, आणि बिल फुगतं तेही त्यामुळेच.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे इंजिनाचं तोंड. तिथे दोन दातेरी पट्टे आहेत, एक कॅमशाफ्टचा टायमिंग बेल्ट आणि दुसरा बॅलन्स शाफ्टचा. टायमिंग बेल्ट तुटला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. साध्या ९४४ च्या बाबतीत हे काम गाडीच्या किमतीच्या घरात जाऊ शकतं. बॅलन्स शाफ्टचा पट्टा तुटला तर वरवर फारसं बिघडत नाही, पण त्याचे तुकडे शेजारच्या पट्ट्यात अडकले की परिणाम तोच. सर्वसाधारण संकेत ४ वर्षांचा किंवा ४५ हजार मैलांचा, यांत आधी येईल तो. मी तर म्हणेन, आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर पट्टे बदलले नाहीत असंच धरून चालावं.

नुसते पट्टे बदलून मात्र भागत नाही. वॉटर पंप त्याच टायमिंग बेल्टवर चालतो. त्याचं बेअरिंग अडकलं की नवा पट्टाही जातो. रोलर जुने असतील तर तेच. पुढचे ऑइल सील गळत असतील तर तेल थेट पट्ट्यावर उतरतं आणि रबर कुजवतं. शिवाय ताण बेताचा लागतो. जास्त आवळला तर पट्टा किंचाळतो, सैल राहिला तर दात चुकतो. त्यासाठी पोर्शचं वेगळं मोजमापाचं हत्यार होतं, आणि नवा पट्टा थोडा चालल्यावर ताण पुन्हा तपासायची पद्धत होती. १९८७ पासून स्प्रिंगचा ताणक आला, तेव्हा हे काम सोपं झालं. अमेरिकेत जाणत्या गॅरेजमध्ये पट्टे, रोलर, पंप आणि सील हे सगळं एकदम केलं तर अंदाजे दीड ते अडीच हजार डॉलर लागतात. यात काटकसर करू नये.

क्लचची गोष्ट वेगळी आहे. क्लच प्लेट फार महाग नाही, पण तिच्यापर्यंत पोचायला आधी एक्झॉस्ट उतरवायचा, मागचा गिअरबॉक्स काढायचा आणि मग ती लांब नळी मागे सरकवायची. एक दिवस त्यात सहज जातो, बऱ्याचदा दीड. सुरुवातीच्या गाड्यांत प्लेटच्या मध्यभागी रबर होतं. गिअरची खडखड त्याने दबायची, पण वय झालं की ते अचानक फाटतं आणि गाडी जागच्या जागी थांबते. आज बदलताना स्प्रिंगची प्लेट घालावी, आणि एवढं खोललंच आहे तर नळीतल्या शाफ्टची बेअरिंगही पाहून घ्यावीत.

काही दुखणी दिसतात भयंकर, पण असतात साधी. कूलंटच्या टाकीत कॉफीच्या रंगाचा चिकट गाळ दिसला की हेड गॅस्केट गेलं असं समजून लोक घाबरतात. पुष्कळदा तेल थंड करणाऱ्या भागाचे सील कडक झालेले असतात. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याहून जास्त, म्हणून तेल पाण्यात शिरतं. सील किरकोळ किमतीचे; खरा त्रास सगळी वाट धुऊन काढण्याचा. तसंच इंजिनाच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या रिलेचं. त्याचे आतले डाग उष्णतेने तडकतात, गाडी तापली की बंद पडते आणि निवली की मुकाट्याने सुरू होते. १०० डॉलरच्या आतला हा डबा जुने मालक जवळ एक जास्तीचा बाळगतात.

इंजिनाच्या माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो. एक्झॉस्टच्या उष्णतेने ती बसली की इंजिन खाली येतं आणि स्टिअरिंगवर मुंग्या येतात. १९८५ नंतरच्या गाड्यांत पुढच्या चाकांचे आर्म ॲल्युमिनियमचे आहेत. त्यांचा बॉल जॉइंट सुटा मिळत नसे, झिजला की अख्खा आर्म बदलायचा. आता तो दुरुस्त करून देणारे तज्ज्ञ आहेत, म्हणून हा खर्च बराच आटोक्यात आला. पत्रा जस्ताचा थर दिलेला, त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच गाड्यांपेक्षा तो टिकला. तरी बॅटरीखालचा तळ आणि दाराखालचा उंबरा हात लावून पाहावाच.

भारतात ३ वर्षांहून जुनी गाडी एरवी आयात करता येत नाही, त्यामुळे हा हिशेब प्रामुख्याने अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या कामाचा. त्यांनी रंग पाहण्याआधी बिलांची फाइल मागावी. सोळा व्हॉल्व्हची ९४४ एस किंवा एस२ घेणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारा. तिच्या दोन कॅमशाफ्टमध्ये एक छोटी साखळी आहे आणि ती ताणून धरणाऱ्या भागावर प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. त्या ठिसूळ होऊन फुटल्या की साखळी सुटते आणि कॅमशाफ्टचे दात जातात. फाइलमध्ये त्या बदलल्याची नोंद नसेल, तर तेवढे पैसे किमतीतून वळते करून घ्या आणि गाडी घरी नेण्याआधी ते काम करून टाका.