कुलूप उघडले, पण किल्ली कोणाकडे?

दिवाळीला अमेरिकेहून येणाऱ्या आप्तांच्या सामानात बदामांच्या डब्यांबरोबर एखादा मोबाइल फोनही असतो, हा आता घरोघरचा अनुभव आहे. आमच्या घरी असाच एक फोन तीन वर्षांपूर्वी आला. थोरल्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याने तो दादांच्या हाती ठेवला आणि म्हणाला, "मामा, पेढीवर तुम्हाला चांगला फोन हवा होता ना?" दादा आमच्या सांगलीच्या हळदीच्या पेढीचे कर्ते. त्यांनी फोन कौतुकाने उलटसुलट पाहिला, आपले सिम त्यात घातले, आणि पडद्यावर सूचना आली की हे सिम या फोनात चालणार नाही.

भाच्याने तो फोन तिथल्या एका दूरध्वनी कंपनीकडून मासिक हप्त्यांवर घेतला होता. हप्ते फिटेपर्यंत फोन त्या कंपनीच्याच सिमवर चालावा, असे कुलूप त्यात घातलेले होते. करारात तसे लिहिलेले होते. फक्त ते कोणी वाचलेले नव्हते. भाचा आठवड्याने परत गेला. दादांचा मुलगा मुंबईला मालाच्या कामासाठी गेला असताना फोन तिथल्या एका कारागिराकडे घेऊन गेला. त्याने सिमच्या खाली कागदासारखी पातळ चकती बसवली, दोनचार आकडे दाबले आणि दहा मिनिटांत फोन सुरू करून दिला. अडीच हजार रुपये घेतले. पावती दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. एरवी दोनशे रुपयांच्या सुतळीची पावती फाइलला लावणारी आमची पेढी!

माघ-फाल्गुनात हळदीचे सौदे सुरू झाले. एके रात्री फोनने विचारले, नवी सुधारित प्रणाली घालू का? पुतण्याने होकार दिला. सकाळी दादा यार्डात निघाले तर पडद्यावर तीच जुनी सूचना होती. कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, सगळे पुसून पहिल्यासारखा करा, चकती पुन्हा चालेल. पुतण्याने तेही केले. त्यानंतर तर फोन उघडण्याच्या पहिल्या पायरीवरच अडला आणि पुढे जाईना. सिम काढून जुन्या फोनात घातल्यामुळे दहा वाजेपर्यंत बोलणे सुरू झाले. पण तीन आठवड्यांच्या काटापट्ट्यांची छायाचित्रे गेली. दादांनी गावोगावच्या शेतकऱ्यांना निरोप पाठवून त्यांच्याकडच्या प्रती मागवल्या. एकूण चाळीसेक खाती होती. सर्वांनी विश्वासाने प्रती आणून दिल्या, एका खात्यावर मात्र दोन पोत्यांचा फरक निघाला. दादांनी तो शेतकऱ्याच्या बाजूने मिटवला. रक्कम मोठी नव्हती. परंतु "तुमच्याकडची नोंद कुठे गेली?" हा प्रश्न आमच्या पेढीला यापूर्वी कोणी विचारलेला नव्हता.

त्यानंतर मी या विषयाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केला. तेव्हा कळले की आमच्या घरात जे एका रात्रीत घडले, ते जगात याहून मोठ्या प्रमाणावर, पुष्कळ आधी घडून गेले आहे.

२९ जून २००७ रोजी ॲपल कंपनीचा पहिला आयफोन अमेरिकेत विक्रीस आला. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, आणि शिवाय एटी अँड टी या एकाच दूरध्वनी कंपनीशी दोन वर्षांचा करार. ग्राहक जे मासिक बिल भरी, त्यातला वाटा ॲपलला मिळत असे. म्हणजे फोन विकून व्यवहार संपत नव्हता. विकलेल्या वस्तूतून विक्रेत्याला महिन्यामागून महिने उत्पन्न येत राहावे अशी रचना होती, आणि त्या उत्पन्नाची राखण ते कुलूप करीत होते.

दोन महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, न्यू जर्सीतल्याच जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने ते कुलूप उघडले. त्यासाठी त्याला फोन खोलून आतल्या पट्टीवर डाग द्यावा लागला होता. अशा रीतीने उघडलेला एक फोन त्याने केंटकीतल्या एका व्यावसायिकाला दिला आणि बदल्यात निसानची मोटारगाडी व तीन नवे आयफोन घेतले. सप्टेंबरात तर फोन खोलण्याचीही गरज उरली नाही. संगणकाला जोडून चालवायचे प्रोग्रॅम आले. काही विकत मिळत, एक तर फुकटच होता. त्याच महिन्यात लंडनला गेलेल्या स्टीव्ह जॉब्झ यांना याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी हा मांजर-उंदराचा खेळ असल्याचे म्हटले होते.

२४ सप्टेंबरला ॲपलने जाहीर इशारा दिला की असे प्रोग्रॅम वापरलेले फोन पुढील सुधारणा घालताच कायमचे निकामी होण्याचा संभव आहे. तीनच दिवसांनी, २७ तारखेला, ती सुधारणा आली. तिचा क्रमांक १.१.१. ज्यांनी ती घातली, त्यांच्यापैकी अनेकांचे उघडलेले फोन पुन्हा कुलूपबंद झाले. काहींचे तर मूळ कंपनीचे सिम घालूनही सुरू होईनात; लोक अशा फोनला वीट म्हणू लागले. पुढल्याच महिन्यात कॅलिफोर्नियात ॲपलविरुद्ध दावा दाखल झाला.

असे का घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक फोनात मनोऱ्याशी बोलणारा एक स्वतंत्र भाग असतो, आणि कोणत्या कंपनीचे सिम स्वीकारावे याचा तक्ता त्याच्या स्मृतीत राखून ठेवलेला असतो. त्या वेळच्या प्रोग्रॅमांनी हा तक्ता किंवा तो वाचणारी आज्ञावली खरडून बदलली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर, खतावणीतले पान कोणी बाहेरच्याने खाडाखोड करून बदलले होते. मालकाचा मुनीम नवी वही घेऊन आला, जुन्या नोंदी पडताळू लागला, आणि खाडाखोड दिसताच त्याने खाते थांबवले. मालकाने हे मुद्दाम केले की ओघाने झाले, यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. मला वाटते, ज्याचा फोन बंद पडला त्याला या वादाचा उपयोग नव्हता. काही आठवड्यांत नव्या आवृत्तीचेही कुलूप उघडले गेले, मग पुढली सुधारणा आली, आणि हे चक्र कित्येक वर्षे फिरत राहिले.

ऑक्टोबरात ॲपलने स्वतःच सांगितले की तोवर विकल्या गेलेल्या सुमारे १४ लाख फोनांपैकी अदमासे अडीच लाख कुलूप उघडण्याच्या हेतूनेच घेतलेले असावेत. त्यानंतर कंपनीने एका व्यक्तीला दोनच फोन देण्याचा आणि रोख रक्कम न स्वीकारण्याचा नियम केला. पैसे रोख मोजायला तयार असलेले गिऱ्हाईक दुकानदाराने परत पाठवावे, हे आपल्या बाजारपेठेत सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही! पण विक्रीपेक्षा विक्रीनंतरची मिळकत मोठी असली की दुकानदारीचे जुने ठोकताळे असे उलटे होतात.

या कुलपाची किंमत किती, हे त्याच वर्षी जर्मनीत उघड झाले. तिथे टी-मोबाइल ही कंपनी दोन वर्षांच्या करारासह आयफोन ३९९ युरोला विकत होती. व्होडाफोनने हॅम्बुर्गच्या न्यायालयात जाऊन या बंधनाला तात्पुरती मनाई मिळवली. तेव्हा टी-मोबाइलने खुला फोनही विकायला काढला, भाव ९९९ युरो. तीच वस्तू, तोच डबा. सहाशे युरोंचा फरक केवळ करार आणि कुलूप यांचा. डिसेंबरात न्यायालयाने मनाई उठवली आणि तो भावफलकही गेला. परंतु तेवढ्या दोन आठवड्यांत ग्राहकाला जे दिसले ते पुन्हा झाकता येण्यासारखे नव्हते. कुलूपबंद वस्तू स्वस्त असते, कारण ती पुरती विकलेली नसते.

कायद्याचा प्रवासही असाच हेलकावे खात झाला. अमेरिकेत २००६ साली दुसऱ्या कंपनीची सेवा घेण्यासाठी फोनचे कुलूप उघडण्यास स्वामित्व कायद्यातून सूट मिळाली. २०१२ मध्ये ती सूट पुढे चालू ठेवण्यास नकार मिळाला; २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनांचे कुलूप कंपनीच्या संमतीविना उघडणे बेकायदा ठरले. एक लाख चौदा हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून अध्यक्षांकडे अर्ज केला. अखेर १ ऑगस्ट २०१४ रोजी बराक ओबामा यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि सूट परत आली. म्हणजे कायद्यानेही कुलूप एकदा उघडले, पुन्हा लावले आणि पुन्हा उघडले.

आपल्याकडे हे सर्व परके वाटू नये. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून रिलायन्सचा फोन घेतलेले कितीतरी वाचक असतील; तो फोन दुसऱ्या कोणत्या कंपनीच्या सेवेवर चालत नसे. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोन यांनी आयफोन भारतात आणला तेव्हा त्याची किंमत ३१,००० आणि ३६,१०० रुपये होती. अमेरिकेत तोच फोन करारासह १९९ डॉलरला मिळत होता. तिथल्या ग्राहकाला कुलपाच्या मोबदल्यात सवलत तरी होती. इथल्याने पूर्ण दाम मोजले आणि कुलूपही घेतले. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला हा हिशेब आजही खटकतो. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपला क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली, आणि आज आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक फोन खुलेच असतात. मात्र हप्त्यांवर दिल्या जाणाऱ्या काही फोनांत हप्ता थकताच पडदा बंद करणारी व्यवस्था आधीच घातलेली असते. समाजातील जे बांधव मोबाइलच्या विक्रीत आहेत, त्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगावी आणि बिलावरही लिहावी, असे मला आग्रहाने वाटते.

आता आमच्या फोनकडे वळतो. ती चकती फोनला एवढेच सांगत होती की आत मूळ कंपनीचेच सिम आहे. थोडक्यात, ती एक थाप होती आणि नव्या प्रणालीने ती ओळखली. कुलूप मुळी उघडलेलेच नव्हते. खरे कुलूप आजच्या फोनात निर्मात्याच्या दप्तरी असते. फोनच्या पंधरा अंकी ओळखक्रमांकासमोर तिथे नोंद असते, आणि फोन पहिल्यांदा सुरू करताना किंवा सगळे पुसून नव्याने मांडताना तो त्या दप्तराला विचारतो. दूरध्वनी कंपनीने "हा खुला" असे कळवून ती नोंद बदलली, की मग कितीही सुधारणा घाला, कुलूप परत लागत नाही. फोनच्या आत केलेली करामत मात्र पुढल्या सुधारणेपर्यंतची पाहुणी.

भाच्याला कळवले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. उरलेले अकरा हप्ते त्याने एकरकमी भरले. दादांनी ते पैसे त्याला पाठवायचे म्हटले, तर म्हणाला, "मामा, भेट अर्धवट दिली होती, ती पुरी केली एवढेच." त्याने कंपनीकडे रीतसर अर्ज केला. चार दिवसांनी उत्तर आले. चकती काढून सिम घातले आणि फोन निमूटपणे सुरू झाला. त्यानंतर त्यात कितीतरी सुधारणा झाल्या. पहिल्या दोन-तीन वेळा मात्र घरातले सगळे पडद्याभोवती जमत.

या दिवाळीत कोणी परदेशातून फोन आणणार असेल, तर तो तिथून निघण्यापूर्वीच विचारा की हप्ते फिटले आहेत का आणि कंपनीने तो खुला केल्याचे लेखी कळवले आहे का. आयफोन असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल' आणि त्यात 'अबाउट' उघडावे. 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे शब्द दिसले पाहिजेत. दुकानात आपल्यासमोर सिम घालून बोलून दाखवले, एवढ्यावर विसंबू नये. चकतीवाला फोनही बोलतोच. काही फोन असेही असतात की ज्या कंपनीचे सिम त्यात प्रथम घालावे, तिच्याशीच ते बांधले जातात, तेव्हा डबा फोडलेला नाही हे खुलेपणाचे प्रमाण नव्हे. जुना फोन घेताना *#०६# दाबून ओळखक्रमांक काढावा आणि तो बिलावर उतरवून घ्यावा. बिल देण्यास जो का-कू करील, त्याच्याकडून फोन घेऊ नये.

ती चकती दादांनी टाकून दिलेली नाही. गल्ल्याच्या खणात, खोट्या नाण्यांच्या डबीत, ती ठेवलेली आहे.