वीरगळावरील लढाई कशी वाचावी?

धारवाडच्या सुभाष रोडवर वाणसामान घेणाऱ्या मराठी गृहिणीला खडीसाखर हवी असली की ती दुकानदाराकडे 'कल्लुसक्करे' मागते. कल्लु म्हणजे दगड. हाच कानडी शब्द आपण 'वीरगळ' म्हणताना नकळत उच्चारीत असतो. वीराचा दगड तो वीरगळ. धारवाडच्या आसमंतात, तसेच महाराष्ट्रात व कोकणात, गावकुसाजवळ वा देवळाच्या आवारात असे दगड उभे दिसतात. पुष्कळदा त्यांवर शेंदूर चढलेला असतो, आणि कोरलेली लढाई त्याखाली झाकली जाते.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या चौकटीत युद्ध; तेथे गाई दिसल्या तर गोधनाच्या रक्षणार्थ झालेली झुंज समजावी. त्यावरील चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेतात. त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. शिरोभागी चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतोवर त्याची कीर्ती. एकच माणूस तीन ठिकाणी आहे हे ध्यानात न घेणारा पाहुणा तीन निरनिराळे वीर मोजून मोकळा होतो!

जपानी चित्रांकित पडद्यांचीही अशीच रीत आहे. तेथे दृष्टी उजवीकडून डावीकडे न्यावी लागते, आणि सोनेरी ढग एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा करतात. ११८४ सालच्या इचिनोतानीच्या लढाईच्या पडद्यांवर एक स्वार पंखा उंचावून, समुद्रात घोडा घातलेल्या दुसऱ्या स्वारास परत बोलावताना दिसतो. जपानी प्रेक्षक तत्काळ ओळखतो : हा कुमागाइ, तो कोवळा आत्सुमोरी. कथा त्याला पाठ असते; चित्रकाराने केवळ खूण करावयाची.

आपल्याकडे ही खूण पटविणारी कथाच बहुधा हरवली आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळ पाहावेत. काहींवर वल्ह्यांची, डोलकाठीची गलबते एकमेकांवर चालून जाताना कोरली आहेत. भारतीय शिल्पात नाविक युद्ध इतक्या तपशिलाने क्वचितच आढळते. मात्र नाव वाचता येईल असा लेख तेथे नाही. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर, देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना, १२६५ च्या सुमारास समुद्रात बुडाला. महादेवाच्या कोपापेक्षा त्याला वडवानल बरा वाटला, असे हेमाद्रीच्या प्रशस्तीत अलंकारिक भाषेत म्हटले आहे. यावरून अभ्यासकांनी या शिळांचा संबंध त्या युद्धाशी जोडला.

तर्क सयुक्तिक आहे, पण तो तर्कच. हेमाद्री विजयी राजाचा मंत्री होता. पराभूताची थट्टा त्याच्या लेखणीला शोभणारीच. शिल्पकाराचा हेतू निराळा. त्याला हार-जीत नोंदवावयाची नव्हती, पडलेल्या माणसाला स्वर्गी पोहोचवावयाचे होते. म्हणून वीर मोठा व शत्रू लहान दिसला, एवढ्यावरून त्याचा पक्ष जिंकला असे धरणे चुकीचे ठरेल. वीरगळ उभा राहिला तो माणूस मेला म्हणून. गलबतांतील कोणते यादवांचे आणि कोणते शिलाहारांचे, हेही एकसरचा दगड सांगत नाही. वल्ही मात्र मोजता येतात.