मलयाळ मनोरमा : भागधारकांचे पत्र आणि कंदत्तिल घराणे

केरळातील कोट्टयम येथून निघणाऱ्या 'मलयाळ मनोरमा' या दैनिकाचा इतिहास समजून घेताना त्याच्या अग्रलेखांइतकेच त्याच्या भांडवलाकडेही लक्ष द्यावे लागते; कारण त्या काळची बहुतेक देशी पत्रे एखाद्या व्यक्तीच्या किंवा मिशनच्या आश्रयाने चालत असताना, या पत्राचा पहिला अंक निघण्याच्या दोन वर्षे आधी, १४ मार्च १८८८ रोजी, त्यासाठी संयुक्त भांडवली कंपनी, म्हणजे अनेकांनी भाग घेऊन उभारलेली मंडळी, स्थापन झाली होती. तिचे संस्थापक कंदत्तिल वर्गीस माप्पिळ यांनी पूर्वी कोचीनच्या 'केरळमित्रम्' या पत्राचे संपादन केले होते आणि त्या पत्राचे मालक देवजी भीमजी हे गुजराती व्यापारी होते. तेव्हा वृत्तपत्राला व्यापारी हिशोबाचा पाया लागतो, ही जाण त्यांना तेथेच आली असावी.

प्रत्येकी १०० रुपयांचे १०० भाग काढून त्यांची रक्कम चार हप्त्यांत घ्यायचे ठरले आणि पहिल्या हप्त्यातून लंडनच्या हॉपकिन्सन अँड कोप या कंपनीचे छपाईयंत्र विकत घेण्यात आले. यंत्र परदेशातून आणता आले, तरी त्यावर जुळवायचे मल्याळम खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, येथेच घडवणे भाग होते; गोलाईदार वळणांच्या आणि असंख्य जोडाक्षरांच्या या लिपीचे ते किचकट काम कोंती आचारी या स्थानिक कारागिराने पार पाडले. २२ मार्च १८९० रोजी, कोट्टयममध्ये गुरांचा बाजार भरलेला असताना, साप्ताहिकाच्या रूपाने पहिला अंक निघाला.

भागधारकांच्या पैशावर निघालेले पत्र सावधपणे बोलेल अशी अपेक्षा असते. परंतु 'मनोरमा'च्या पहिल्याच अग्रलेखात पुलय समाजाला, म्हणजे भातशेतीवर राबणाऱ्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना, शिक्षण मिळावे अशी मागणी होती. पुढच्याच वर्षी त्रावणकोर संस्थानातील वरिष्ठ नोकऱ्या स्थानिकांना मिळाव्यात यासाठी महाराजांना 'मलयाळी मेमोरियल' हा अर्ज सादर झाला, तेव्हा पत्राने त्याची बाजू घेतली. त्या वेळचे दिवाण टी. रामराव हे तंजावरच्या मराठी देशस्थ परंपरेतले होते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण तक्रारीचा रोख ज्या परप्रांतीय अधिकारीवर्गावर होता त्यात मराठी बोलणारेही होते.

१९०४ मध्ये वर्गीस यांच्या निधनानंतर त्यांचे पुतणे के. सी. माम्मेन माप्पिळ यांनी सूत्रे घेतली आणि १९२८ मध्ये पत्र दैनिक झाले. माम्मेन हे बँकव्यवसायातही होते, आणि वृत्तपत्राला बळ देणारी हीच बाजू पुढे त्याचे मर्मस्थान ठरली. १९३८ मध्ये त्रावणकोरच्या स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असणाऱ्या सरकारची, मागणी केली आणि 'मनोरमा'ने तिची पाठराखण केली. त्याच वर्षी जूनमध्ये माम्मेन यांचा संबंध असलेली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बंद पडली, सप्टेंबरमध्ये दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या सरकारने पत्राचा परवाना रद्द करून छापखान्याला टाळे ठोकले आणि पुढे माम्मेन यांना तुरुंगवास घडला. बँक बुडण्यात दिवाणांचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. मात्र प्रकाशकाला गप्प करायचे तर त्याच्या लेखणीपेक्षा त्याची पत लवकर मोडता येते, एवढे या घटनाक्रमावरून निश्चित दिसते. शेजारच्या कोचीन संस्थानातील कुन्नमकुळम येथून काही काळ अंक काढण्याचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही.

पत्र बंद असतानाच्या वर्षांत घराण्यातील मुले निरनिराळ्या धंद्यांत शिरली, त्यांपैकी के. एम. माम्मेन माप्पिळ यांनी १९४६ मध्ये मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवण्याचा जो छोटा कारखाना काढला, तोच पुढे टायरसाठी प्रसिद्ध झालेला एमआरएफ होय. दिवाण गेल्यानंतर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'मनोरमा' पुन्हा निघू लागले, १९५४ पासून के. एम. चेरियन आणि १९७३ पासून के. एम. मॅथ्यू हे मुख्य संपादक झाले, आणि शंभर भागांतून सुरू झालेली कंपनी व्यवहारात एका घराण्याची ओळख बनली. १९६६ मध्ये तिने कोळिकोड येथे आवृत्ती काढली, म्हणजे १९२३ पासून राष्ट्रीय चळवळीचे पत्र म्हणून मलबारात रुजलेल्या 'मातृभूमी'च्या घरच्या मैदानात उतरून स्पर्धा सुरू केली. 'मातृभूमी'ने कोचीची आवृत्ती १९६२ मध्येच काढली असल्याने पहिली चाल मात्र तिची होती.