पेशी त्याच, दिवस वेगळा

कोरोनाच्या पहिल्या वर्षी घराघरांत एकच घोष चालू होता: प्रतिकारशक्ती वाढवा. काढे, हळदीचं दूध, झिंकच्या गोळ्या, व्हिटॅमिन सी. त्याच वर्षी, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधून बातमी आली ती नेमकी उलट दिशेची. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडने माणसं वाचवली होती. व्हेंटिलेटरवरच्या ज्या रुग्णांना ते मिळालं नाही त्यांच्यात २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ४१.४ टक्के होतं, मिळालं त्यांच्यात २९.३ टक्के. पण त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ होती आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात औषध न घेतलेल्यांपैकी १४ टक्के दगावले आणि घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा झाला असं मात्र कुठल्याच अंगाने म्हणता येत नाही. एकच औषध, एकच मात्रा, आणि आजाराच्या टप्प्यानुसार निकाल वेगळा. याचा उलगडा जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींत आहे. त्या पेशी किती जोरदार आहेत यापेक्षा त्या कोणत्या दिवशी काय करत आहेत, यावर कोरोनाचा उपचार ठरायला हवा, असं मला वाटतं.

या पेशींची नावं आपल्याला अनोळखी नाहीत. सीबीसीच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनच्या खाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट अशी टक्केवारी छापलेली असते. त्यातले न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट हे जन्मजात फळीतले; ऊतींत मुक्काम ठोकून बसलेले मॅक्रोफेज, नॅचरल किलर पेशी आणि डेंड्रिटिक पेशी हे त्यांचे सोबती. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती गोळा झालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची सुरुवात तिथली; १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. या पेशी काही तासांत कामाला लागतात, आणि त्यांचं पहिलं हत्यार असतं इंटरफेरॉन. बाधित पेशी आणि काही डेंड्रिटिक पेशी हे प्रथिन सोडतात. ते शेजारच्या पेशींपर्यंत पोचलं की त्या विषाणूला आपल्या आत वाढू देत नाहीत.

कोरोना विषाणूची खोड अशी की तो सगळ्यात आधी हाच इशारा दाबतो. त्याची अनेक प्रथिनं या कामाला जुंपलेली असतात. एनएसपी-१ नावाचं प्रथिन तर पेशीची प्रथिनं बनवण्याची यंत्रणाच अडवून धरतं. म्हणजे पहिले काही दिवस माणूस हिंडतो-फिरतो आणि विषाणू बिनबोभाट वाढत राहतो. पुढे उशिरा इशारा होतो तेव्हा फुफ्फुसांत विषाणूचा साठा मोठा झालेला असतो आणि रक्तातून मोनोसाइट, न्यूट्रोफिल यांचे लोंढे तिकडे धावतात. न्यूट्रोफिलकडे एक अघोरी उपाय आहे: तो स्वतःचा डीएनए उलगडून, त्यावर जहाल प्रथिनं चिकटवून, जाळ्यासारखा बाहेर फेकतो. जिवाणूंना अडकवायला ते ठीक. पण फुफ्फुसातल्या वायुकोशाची भिंत अतिशय पातळ असते, ऑक्सिजन आरपार जावा म्हणून. या जाळ्यांनी तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, भिंतीतून पाणी झिरपतं आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा घसरू लागतो.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात रुद्रगौडा चन्नप्पनावर आणि स्टॅन्ली पर्लमन यांनी २०१६ मध्ये सार्सच्या विषाणूवर उंदरांत काम केलं. इंटरफेरॉन उशिरा जागं झालं की मोनोसाइट-मॅक्रोफेज फुफ्फुसांत दाटत आणि उंदीर मरत. या पेशी काढून टाकल्या तर उंदीर वाचत. २०१९ मध्ये याच गटाने मर्सच्या विषाणूवर आणखी थेट पुरावा दिला. संसर्गापासून एका दिवसाच्या आत इंटरफेरॉन दिलं तर उंदीर तगले, त्यानंतर दिलं तर न्यूमोनिया बळावला. माणसांतला दुवा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांच्या चमूने २०२० मध्ये दाखवला. जिवावर बेतलेल्या ९८७ कोरोनाग्रस्तांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत अशी एकही व्यक्ती नव्हती.

मग इंटरफेरॉनच औषध म्हणून टोचलं तर? जागतिक आरोग्य संघटनेने ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत, आधीच रुग्णालयात दाखल झालेल्यांवर, म्हणजे उशिरा, ते करून पाहिलं. या चाचणीच्या भारतातल्या कामाचा समन्वय पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होता. निकाल निराशाजनक निघाला: इंटरफेरॉन मिळालेल्या २,०५० जणांपैकी २४३ दगावले, न मिळालेल्या तितक्याच जणांपैकी २१६. टीकाकार म्हणतील की ‘उशीर झाला’ ही सोयीची सबब आहे. कुठलंही औषध फसलं की हेच सांगता येतं. आक्षेप रास्त आहे. सबब की कारण, हे ठरवायला लवकर देऊनच पाहावं लागतं. ब्राझील आणि कॅनडातल्या ‘टुगेदर’ चाचणीने ते केलं. लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत, रुग्णालयात दाखल न झालेल्यांना इंटरफेरॉन लॅम्डाचं एकच इंजेक्शन दिलं गेलं. रुग्णालयात दाखल होण्याची किंवा आपत्कालीन विभागात दीर्घकाळ राहण्याची वेळ आली ती २.७ टक्क्यांवर, औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होतं. लॅम्डाला प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) मुख्यतः श्वसनमार्ग आणि आतड्यांच्या अस्तरात असतात, रक्तातल्या बहुतेक पेशींवर कमी. त्यामुळे विषाणू अडतो, पण पेशींचा लोंढा चेतवला जात नाही. दोन्ही चाचण्यांतला इंटरफेरॉनचा प्रकार वेगळा होता, रुग्णही वेगळे होते, तेव्हा एवढ्यावरून खटला निकाली निघाला असं म्हणणं घाईचं होईल. पण उंदरांनी दाखवलेल्या दिशेलाच हा निकाल जातो.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. नासधूस करणाऱ्या पेशी याच, तर पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड देऊन त्यांना का दाबू नये? याचं उत्तर २०२१ च्या दुसऱ्या लाटेने आपल्याकडे दिलं, आणि महाराष्ट्राने ते जवळून पाहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनांमध्ये तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्टेरॉइड लिहिलेलं असे. म्युकर या बुरशीच्या बीजाणूंचा नायनाट करतात ते मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिलच. स्टेरॉइडने ते मंदावले, त्याच औषधाने साखर चढली, आणि चढलेल्या साखरेने ते आणखी निकामी झाले. ज्यांचा मधुमेह आधीच आटोक्यात नव्हता त्यांच्या नाकातून डोळ्यांच्या खोबणीत बुरशी शिरली. जून २०२१ च्या अखेरीस देशात चाळीस हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते. स्टेरॉइड हे यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण या पेशींना अकारण गप्प बसवलं की काय होतं ते यापेक्षा स्पष्ट दिसणं कठीण.

‘आधीच तयारी करून ठेवू’ या मार्गाचंही फारसं जमलं नाही. बीसीजी लशीने जन्मजात पेशी काही काळ जास्त तत्पर होतात, हे नेदरलँड्समधल्या मिहाय नेटेआ यांच्या कामातून दिसलं होतं. आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजी टोचतात, म्हणून भारत सुरक्षित आहे अशी चर्चा २०२० मध्ये जोरात होती. पुढच्या वर्षीच्या लाटेने ती बंद पाडली. ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या ‘ब्रेस’ चाचणीत जवळपास चार हजार आरोग्य कर्मचारी होते आणि त्यांच्यातही बीसीजीने कोरोनाचा धोका कमी झाला नाही.

उरते ती व्यवहारातली अडचण. डॉक्टरांना पेशींचा दिवस कसा कळणार? रुग्णाला ताप कधी आला तेच अनेकदा नीट आठवत नाही, आणि लस घेतलेल्या माणसाचं वेळापत्रक न घेतलेल्यापेक्षा निराळं. म्हणून तारखेऐवजी रक्ताला विचारावं लागतं. ‘रिकव्हरी’ने टोसिलिझुमॅब हे दाह रोखणारं औषध दिलं ते ऑक्सिजन कमी असलेल्या आणि सीआरपी हा रक्तातला दाहदर्शक आकडा ७५ किंवा त्याहून वर गेलेल्यांनाच, मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. ग्रीस आणि इटलीतल्या ‘सेव्ह-मोअर’ चाचणीने याच्या आधीचा क्षण गाठायचा प्रयत्न केला. सुपार हे प्रथिन रक्तात वाढलेलं दिसताच, श्वास कोलमडण्यापूर्वी, अनाकिन्रा हे दाह रोखणारं औषध दिलं गेलं आणि २८ दिवसांतले मृत्यू ६.९ टक्क्यांऐवजी ३.२ टक्के झाले. युरोपच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली.

म्हणजे उशिराच्या टप्प्यासाठी आज हाताशी बरंच काही आहे. या पेशींच्या बाबतीत पहिल्या आठवड्यातला कोपरा मात्र तसाच पडून आहे. आता लशी आहेत, मग एवढी यातायात कशाला, असं कुणी विचारेल. पण जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाल्यापासून ब्रिटनमध्ये लसीकरणाची पहिली सुई टोचेपर्यंत, सगळं विक्रमी वेगाने होऊनही, अकरा महिने गेले. पुढचा कोरोना विषाणू आला तर तेवढ्या काळात इंटरफेरॉन लॅम्डासारखं, विषाणूचं नाव न विचारणारं औषध कामी येऊ शकतं. पण अमेरिकेच्या नियामकाने त्याच्या आणीबाणीच्या वापराचा मार्ग मोकळा केला नाही, आणि ते विकसित करणाऱ्या आयगर या कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.