नळ, तांब्या आणि रात्रीची शोधाशोध

जूनमध्ये विशेष शाळेत रुजू झाले तेव्हा माझ्या वर्गात ८ मुलं होती. दोघांना डाउन सिंड्रोम, एक सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअरवर, दोघं स्वमग्न आणि उरलेल्या तिघांच्या फायलीवर ‘बौद्धिक अक्षमता’ एवढंच लिहिलेलं. वयं ७ ते ११. शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या हाती निदान पाठ्यपुस्तक तरी असतं. माझ्या हाती ८ फायली होत्या आणि त्यांवरून लिहायचे ८ आयईपी, म्हणजे प्रत्येक मुलाचा त्याच्यापुरता शैक्षणिक आराखडा.

डी.एड. स्पेशलला आम्ही मुलांची कौशल्यं तपासायच्या याद्या शिकलो होतो: सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी आणि मद्रासची एमडीपीएस. एमडीपीएसमध्ये १८ विभाग, प्रत्येक विभागात २० कौशल्यं, असे एकूण ३६० मुद्दे आहेत. मुलाला आज काय येतं आणि पुढे काय शिकवायचं, हे या याद्यांवरून नीट कळतं. पण उद्या सकाळी ११ ते १२ वर्गात नेमकं काय करून घ्यायचं, ते त्यांत नसतं. म्हणून रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली की मी मोबाइल घेऊन बसायचे.

पहिले दोन महिने मी जे दिसेल ते साठवत गेले. इंद्रधनुष्यी रंगांचे डबे, प्लॅस्टिकची छोटी अस्वलं, छापून घ्यायची सुबक कार्डं. त्यांतली काही डॉलरमध्ये विकत मिळणारी, काही मोफत. झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर पगारातले पैसे गेले. रंग वेगळे करायचा एक खेळ फार आवडला, म्हणून बाजारातून रंगीत मऊ गोळे आणले. पहिल्याच दिवशी एका मुलीने त्यातला एक तोंडात घातला. मी वेळेवर बोट घालून तो काढला, पण त्या रात्री झोप लागली नाही. व्हिडिओतलं मूल गोळे तोंडात घालणारं नव्हतं. माझ्या वर्गातली ही मुलगी हाती येईल ते आधी तोंडात घालते, हे मला माहीत होतं. तरीही मी व्हिडिओतल्या मुलाकडे पाहत राहिले, तिच्याकडे पाहिलं नाही.

गोळ्यांच्या जागी मी मोठी झाकणं आणली. एक नऊ वर्षांचा मुलगा आठवडाभरात लाल-पिवळी झाकणं न चुकता वेगळी करू लागला. मी आनंदाने आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी त्याला शाबासकी दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, हे त्याला जमलं, आता घरी त्याच्या आईचं कुठलं काम हलकं होणार?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून माझी शोधण्याची रीत बदलली. ‘विशेष मुलांसाठी उपक्रम’ असं शोधणं मी बंद केलं. आधी आयईपी उघडायचा, त्यातलं एक उद्दिष्ट घ्यायचं आणि तेवढंच शोधायचं. त्याच मुलाच्या आईने पालकसभेत सांगितलं होतं, जेवायच्या आधी हा स्वतः हात धुवायला लागला तर बरं होईल. मग मी हात धुण्याच्या पायऱ्या शोधल्या.

स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारचा ‘आरासाक’ नावाचा चित्रसंग्रह आहे. बोलता न येणाऱ्यांना संवाद साधता यावा म्हणून केलेली हजारो साधी, ठळक रेषांची चित्रं तिथे आहेत आणि व्यापारी वापर नसेल तर ती मोफत वापरता येतात. त्यातली चित्रं घेऊन मी ८ पायऱ्यांची पट्टी केली. नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, तळवे चोळणे, हातांची मागची बाजू चोळणे, हात धुणे, नळ बंद करणे, पुसणे. शिकवायला सुरुवात केली ती शेवटच्या पायरीपासून. आधीच्या सातही मी त्याचा हात धरून करून घ्यायची, पुसणं तेवढं त्याचं. ते जमलं की नळ बंद करणंही त्याचं. असं मागून पुढे आलं की रोज काम मुलाच्याच हातून पूर्ण होतं. पाच आठवड्यांनी तो शाळेच्या बेसिनपाशी एकटा उभा राहून पट्टीकडे बघत हात धुऊ लागला.

आईला विचारलं तर ती म्हणाली, “घरी नाही हो मॅडम करत. नुसता उभा राहतो.”

मी घरी गेले. पत्र्याची खोली, दारापाशी पाण्याचं पिंप, त्यावर झाकण, झाकणावर तांब्या. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही सार्वजनिक नळाला. माझ्या पट्टीतलं पहिलंच चित्र होतं नळाचं. तो मोरीपाशी उभा राहून नळ शोधत होता.

चित्र बदलून भागणार नव्हतं, कारण कामच वेगळं होतं. नळाखाली दोन्ही हात मोकळे असतात. तांब्याने हात धुताना एक हात कायम अडकलेला. उजव्याने डाव्यावर पाणी घालायचं, तांब्या खाली ठेवायचा, साबण लावायचा, चोळायचं, पुन्हा तांब्या उचलायचा, एक हात धुतला की तांब्या दुसऱ्या हातात घ्यायचा. हा हातबदल त्याच्यासाठी सगळ्यात अवघड होता, कारण साबणाच्या ओल्या हातातून तांब्या निसटायचा. आम्ही तांब्या अर्धाच भरायचं ठरवलं. त्याच्याच मोरीचे, त्याच्याच तांब्याचे मोबाइलवर फोटो काढले आणि नवी पट्टी केली, आता ११ पायऱ्यांची. आईनेही ती शिकून घेतली. शाळेतही मी बेसिनऐवजी मागच्या नळकोंडाळ्यापाशी बादली-तांब्या ठेवला. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा आईने सांगितलं, आता तो ताटावर बसण्याआधी आपणहून पिंपाकडे जातो.

तेव्हापासून कुठलीही कल्पना समोर आली की तिची मांडणी नंतर बघते. आधी बघते, ती ज्या मुलाच्या हातात आहे त्याचे हात काय करतायत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी उभी केलेली ‘टीच’ पद्धत आहे. तिच्यात काम डावीकडच्या डब्यातून घ्यायचं आणि पूर्ण झालं की उजवीकडच्या डब्यात टाकायचं. किती काम आहे आणि ते कधी संपणार, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. स्वमग्न मुलांची घालमेल त्यामुळे कमी होते, हे मी रोज पाहते. त्यासाठी महागडे ट्रे लागत नाहीत. माझ्याकडे आइस्क्रीमचे दोन रिकामे डबे आणि कपड्यांचे चिमटे आहेत. व्हीलचेअरवरच्या मुलीचा उजवा हात फारसा चालत नाही, म्हणून तिचे दोन्ही डबे मी डाव्या बाजूला, वर-खाली मांडले. डबा सरकवला तरी मूळ तत्त्व हललं नाही.

भाषेचंही तसंच. इंग्रजी कार्डावर सँडविच असतं, आमच्या मुलाच्या डब्यात भाकरी असते. ज्याने सँडविच कधी पाहिलं नाही, तो भूक लागल्यावर त्या कार्डाला हात का लावेल? आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे संवादाचं ॲप मराठीतही चालतं, तेवढा मोठा आधार झाला. तरी भाकरीचा फोटो मी ज्याच्या त्याच्या डब्यातलाच घेते.

काही गोष्टी मी आता लगेच बाजूला सारते. पंधरा दिवसांत मूल बोलेल, महिन्यात स्वमग्नता जाईल, असं सांगणारा प्रत्येक व्हिडिओ. थकलेल्या पालकांना अशी आशा दाखवणं क्रूर आहे. मुलाचा रडतानाचा, आपटतानाचा चेहरा दाखवणारे व्हिडिओही नकोत. त्या मुलाने त्याला कधी होकार दिलेला नाही. माझ्या वर्गातले फोटो हातांचे आणि वस्तूंचे असतात, चेहऱ्यांचे नसतात.

माझ्यासारख्या नव्या शिक्षिकांना माझं एवढंच सांगणं आहे की शोधायला बसण्याआधी एकदा मुलाच्या घरी जाऊन या. पाणी कुठून येतं, जेवण कुठे बसून होतं, दाराला कडी आहे की कुलूप, हे बघा. मग शोधा.

आणि अनुभवी शिक्षकांना विनंती आहे. मराठीतून असं साहित्य फार थोडं मिळतं. तुम्ही करता ते लिहून सगळ्यांसाठी ठेवा, पण फक्त पूर्ण झालेल्या वस्तूचा फोटो ठेवू नका. मुलाला काय येत होतं, किती पायऱ्या केल्या, किती आठवडे लागले आणि कुठली पायरी फसली, तेही लिहा. माझी ११ पायऱ्यांची पट्टी, निसटणाऱ्या तांब्यासकट, मी लिहून ठेवली आहे. कुणाच्याही घरी पिंप असेल तर खुशाल वापरा.