बाटलीभरण, घरगुती बिअरचे

बाटलीभरण, घरगुती बिअरचे : घरी तयार केलेली बिअर बाटल्यांत भरताना तीत थोडी साखर मिसळून बंद बाटलीत दुसरे किण्वन (आंबण्याची क्रिया) घडवून आणतात. यीस्टमुळे साखरेपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. हा वायू बिअरमध्ये विरघळून तिला फेस येतो. घरगुती बिअरवरील परवान्याचे बंधन ब्रिटनमध्ये १९६३ साली उठले. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने तिला मुभा मिळाली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये गुन्हा आहे.

तापमान वाढले की वायूची विद्राव्यता घटते. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली १ लि. बिअरमध्ये २०° से.ला सुमारे ०.८६ लि., १०° से.ला १.२ लि. व २° से.ला १.६ लि. कार्बन डाय-ऑक्साइड मावतो. किण्वन संपल्यावर बिअर निवळण्यासाठी ती थंड करतात. पण त्या वेळी नवा वायू निर्माण होत नाही. म्हणून २०° से.ला आंबलेली बिअर २° से.पर्यंत गार केली, तरी तीत वायू जवळजवळ पूर्वीइतकाच असतो. साखरेचा हिशेब त्यामुळे २०° से. धरूनच करावा. लिटरमागे २.४ लि. वायू हवा असल्यास सुमारे ६ ग्रॅ. साखर लागते, २° से. धरल्यास ती ३ ग्रॅ.च येते व बिअर निःसत्त्व लागते.

वायूच्या दृष्टीने गार बिअर भरण्यापूर्वी कोमट करणे आवश्यक नसते. गार बिअर भरताना फेसही कमी येतो. तथापि थंडीमुळे यीस्ट मंदावून किण्वन अर्धवट थांबले असल्यास ते पूर्ण झाल्याचा भास होतो. अशी बिअर बाटलीत ऊब मिळताच पुन्हा आंबू लागते. विशिष्ट गुरुत्व ०.००४ ने घटले, तरी लिटरमागे सुमारे २ लि. जादा वायू निर्माण होतो. दाबाने काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. यासाठी शंका असल्यास बिअर १८°–२०° से.पर्यंत आणून दोन-तीन दिवस विशिष्ट गुरुत्व स्थिर राहते की नाही, हे हायड्रोमीटरने पाहावे. लागर या थंडीत आंबणाऱ्या प्रकाराला अशा उबेचा आणखी एक लाभ होतो : लोण्यासारखा वास देणारे डायॲसिटिल यीस्ट शोषून घेते.

भरलेल्या बाटल्या सुमारे दोन आठवडे १८°–२४° से.ला ठेवाव्यात. वायू तयार झाल्यावरच त्या थंड कराव्यात.